करंजाड्याच्या खडकावरची मयूरशिखा

नवी मुंबई पाहायला मुद्दाम कोणी जात नाही. लोक तिथे नोकरीला जातात, ब्लॉक बघायला जातात, नाहीतर लेक तिथे दिलेली असते म्हणून जातात. मी गेल्या मार्चमध्ये चार दिवस तिथे राहून आलो तो एक वाळलेला झुबका आणि एक माणूस शोधायला. झुबका सापडेल अशी खात्री होती. माणूस सापडू नये अशी, खरं सांगायचं तर, मनातून थोडी इच्छा होती.

आपल्या या मासिकाच्या वाचकांत माझे जुने विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांना आठवत असेल, दर वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला मी कागदाच्या पुडीतून काथ्यासारखा तपकिरी, चिमूटभर झुबका काढायचो, काचेच्या वाटीत पाण्यात ठेवायचो आणि म्हणायचो, "आता उद्या बघू." दुसऱ्या दिवशी वाटीत बोटभर उंचीचे हिरवेगार पंखे उभे असायचे. बाहुल्यांच्या खेळातली ताडाची झाडं असावीत तसे. वर्ग टाळ्या वाजवायचा. मग मी सांगायचो, "ही मयूरशिखा. नेच्यांच्या कुळातली. वाळून कोळ झाली तरी मरत नाही. कोकणातल्या एका खडकावर मला सापडली."

ते शेवटचं वाक्य खोटं होतं. मला ती सापडली नव्हती. हसनने आणून दिली होती, आणि त्याच हसनला मी भरल्या हॉलमध्ये खोटारडा ठरवलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी मी पनवेलकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. हसन आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. त्या काळी ते कोणाला खटकत नसे. मला तर नाहीच. त्याने आपल्या गावच्या खडकावरून मयूरशिखा आणली आणि म्हणाला, "सर, ही पाण्यात टाका. उठते. आमच्या घरात कोणी जहाजावर गेला की अम्मा एक झुबका काढून कोरडा ठेवायची. माणूस परत आला की पाण्यात. तोवर हात लावायचा नाही." अर्धा झुबका मी दाबून कागदावर चिकटवला, अर्धा पुडीत टाकला आणि विसरलो.

तीन महिन्यांनी कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. हसनभोवती मुलं जमलेली दिसली. तो ही गोष्ट सांगत होता. माझ्या टेबलाशी कोणी नव्हतं. माझं डोकं फिरलं. प्राचार्यांसमोर म्हणालो, "आपण शास्त्रीय पद्धतीने पाहू." कागदावरचा नमुना सोडवून वाटीत घातला. हसन पुढे येऊन हळूच म्हणाला, "सर, हा नको. मी उद्या दुसरा आणतो." मी म्हणालो, "हाच. म्हणजे तुला बदलता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी झुबका जरा सैल पडला होता, इतकंच. रंग आला नव्हता. मी सगळ्यांसमोर वहीत लाल शाईने लिहिलं, "पाण्याने पुनरुज्जीवन होत नाही. दावा निराधार." आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "माणूस परत आला की उठतो म्हणे! हा काय तार वाचतो?" असं म्हणालो. हॉल हसला. दुसऱ्या रांगेत हसनचा मुलगा युसुफ बसला होता, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. तो हसला नाही.

मुलं हसनला 'संजीवनीवाला' म्हणू लागली. चार महिन्यांत तो नोकरी सोडून गेला. त्यानंतर एके दिवशी कपाट आवरताना तो कागद हाती आला. कोपऱ्यात तांबडा ठिपका होता. आमच्याकडे कीड लागू नये म्हणून दाबलेले नमुने पाऱ्याच्या विषारी द्रावणात बुडवत, आणि बुडवलेल्या कागदावर तांबडा ठिपका देत. वाटीत मी घातला होता तो विष पाजलेला नमुना होता. पुडीतला दुसरा अर्धा मी त्याच संध्याकाळी पाण्यात ठेवला. सकाळी तो हिरवा झाला होता.

मी कोणाला काही सांगितलं नाही. साताऱ्याला नोकरी मिळाली, तो कागद बरोबर नेला, हिरवा झुबकाही मुळांसकट नेला आणि अंगणातल्या दगडी भिंतीच्या फटीत लावला. तिथे तो पसरला. दर वर्षीच्या वर्गातल्या टाळ्या त्याच्याच.

एवढं सांगितल्यावर आता प्रवासाचं सांगतो.

नेरूळ

नेरूळ फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तांबड्या ठिपक्याचा तो कागद दोन पुठ्ठ्यांत बांधून आणला होता. साताऱ्यापासून मांडीवर सांभाळला, आणि खोपोलीला चहाला उतरलो तेवढ्यात एक गृहस्थ त्यावर ऐसपैस बसले. "अहो, पुठ्ठाच आहे ना?" म्हणाले.

माझी भाची सुनीता नेरूळला राहते. तिने पत्ता दिला होता तो असा: सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग, विंग, मजला, खोली. सगळे आकडे आणि अक्षरं. आमच्या पेठेत पत्ता म्हणजे माणसाचं नाव आणि जवळचं देऊळ. मी आकडे लावत तिसऱ्या मजल्यावर गेलो, दार उघडं होतं, आत जाऊन बसलो. एका बाईंनी पाणी आणून दिलं, पंखा लावला, चौकशी केली, "प्रवास बरा झाला ना काका?" मी म्हणालो, "बरा झाला. सुनीता कुठाय?" त्या म्हणाल्या, "कोण सुनीता?" मी बी विंगेत होतो; सुनीता डी विंगेत. त्या बाईंना वाटलं मी त्यांच्या नवऱ्याचा गावाकडचा कोणी काका. दोघंही हसलो. तरी त्यांनी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. शहर कसं आहे ते मला त्या चहातच कळलं. सगळेच कुठून तरी आलेले आहेत, त्यामुळे दारात उभा राहिलेला माणूस आपला असेल असं धरून चालतात.

सुनीता घाईत बोलते. "मामा, खरंच गवत बघायला आलात? एवढ्या उन्हात? बरं, टेन्शन नका घेऊ, रिक्षा मी करून देते. फक्त सकाळी सातच्या आत आंघोळ. सोसायटीचं पाणी जातं."

संध्याकाळी मी फिरून आलो. मी कॉलेजात होतो तेव्हा या बाजूला भाताची खाचरं, मिठागरं आणि खाडीचा वास. आता रुंद रस्ते, कडेला ओळीने पिवळे गुलमोहर, आणि बिल्डिंगींच्या फटीतून दिसणारी तीच खाडी. मला वाईट वाटेल अशी मी तयारी करून गेलो होतो. तसं वाटलं नाही. भरावाच्या खारट मातीत कोणीतरी एकेक रोप लावून, आळं करून, काठीला बांधून हे रस्ते सावलीचे केले आहेत. झाडं जगवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो, मग ती सरकारी नोकरीत का असेनात.

खडक

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पनवेलपर्यंत बस आणि पुढे रिक्षा करून नदी ओलांडली. करंजाडे गावाच्या पुढे एका टेकडीच्या पायथ्याशी आठ-दहा घरांचा मोहल्ला आहे. हसनचं घर तिथेच, विहिरीशेजारी. मला ते माहीत होतं. वाटेत घर आधी लागतं, खडक नंतर. मी मान खाली घालून घरावरून पुढे गेलो आणि आधी खडकावर चढलो.

तो खडक शब्दांत सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. काळा, तापलेला, हात ठेवला तर चटका बसेल असा. वर मातीचा पापुद्राही नाही. पलीकडच्या टेकडीला खडीसाठी पोखरलं आहे. मशीनचा घरघराट इथवर येतो. या खडकाला अजून कोणी हात लावलेला नाही. आणि त्याच्या प्रत्येक भेगेत, नखाएवढ्या जागेत, मयूरशिखा बसलेली. मिटलेली. मार्चपर्यंत ती पूर्ण आवरून घेते. पंख्याच्या पट्ट्या आत वळतात, एकमेकींत गुंततात, आणि राहतो तो नारळाच्या शेंडीसारखा तपकिरी पुंजका. बोटांत चुरडला तर भुगा होईल. शास्त्रज्ञ सांगतात, वाळताना ती पेशींच्या आत साखर साठवते. पाणी गेलं तरी साखर आतल्या नाजूक वस्तू धरून ठेवते. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं आहे. पण शिकवताना मला एक गोष्ट कधी नीट जाणवली नव्हती. इतर झाडं उन्हाळ्याशी झगडतात, मुळं खोल नेतात, पानं झाडतात, काटे काढतात. ही झगडतच नाही. पाणी नाही ना, मग मी थांबते, असं म्हणून ती थांबते. कितीही दिवस.

मी गुडघे टेकून बसलो होतो. मागून आवाज आला, "काय परला काय बाबा तुमचा?"

डोक्यावर सरपणाच्या फाट्यांचा भारा घेतलेली एक म्हातारी आगरी बाई. जनाबाई म्हणतात तिला, ते नंतर कळलं, हसनची शेजारीण.

"काही पडलं नाही. हे गवत बघतोय."

"त्याला काय बगाचा?" तिने भारा खडकावर टेकवला. "मेल्यावानी दिसतं, पन मेला नाय हाय. बोटाला थुका लावा नि त्याचेवर ठेवा. उंद्या येऊन बगा."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी सांगाला कशाला पायजे? लानपनापासून बगतो आमी. हसनमियाचे घरान तर डब्यान ठेवतान. बिचाऱ्याला कालेजान कोन मास्तर व्हता, त्यानं खोटा पारला. जल्ला मेला! आपुन येऊन एकदा बगाचा ना इथं. इथशी कालेज किती लांब हाय?"

मी म्हणालो, "लांब नव्हतं."

"मंग? मेला बी असंल तो आतां."

"नाही. आहे अजून."

"तुमाला ठाव हाय तो?"

"ओळखीचा आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग भारा उचलून डोक्यावर घेतला. "मंग त्याला सांगा, हसनमिया आजून जिता हाय. घर ह्या हिरीच्या बाजूला. उन्हात बसू नका, भोवल येल."

तिच्या मागोमाग मी खाली उतरलो.

हसनचं घर

हसन ओसरीवर खाटेवर बसून जाळं विणत होता. दाढी पांढरी, हात तसेच मोठे. मी अंगणात उभा राहिलो. त्याने चष्म्यावरून पाहिलं, आणि हातातली सुई खाली न ठेवता म्हणाला, "साळुंखे सर. या. बूट काढू नका, लादी तापलीय."

"हसनभाई, तुम्ही कसे आहात?"

"तुम्ही?" तो आतल्या बाजूला तोंड करून ओरडला, "जुबेदा, ऐकलंस काय? सर मला तुम्ही म्हणतायत! नोकरी सोडल्याचा हा फायदा."

जुबेदा वहिनींनी सरबत आणलं आणि न विचारता जेवणाची तयारी सुरू केली. आमच्याकडे दुपारी अडीचला आलेल्या पाहुण्याला "जेवून आलात ना?" असं विचारतात, आणि तो हो म्हणतो. इथे ती पद्धत नाही. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले पांढरे सांदण आणि नारळाचं गोड दूध आलं. त्याआधी भाकरी आणि मांदेलीचं कालवण. मी ज्वारीवर वाढलेला माणूस. तांदळाची भाकरी इतकी मऊ असू शकते यावर माझा विश्वास बसेना. मांदेलीचा काटा मात्र घशात अडकला. वहिनींनी भाताचा सुका गोळा गिळायला लावला. "साताऱ्यात मासे नाहीत काय हो?" हसनने विचारलं. "आहेत, पण ते आम्हाला घाबरतात," मी म्हणालो. तो मनापासून हसला, आणि त्या हसण्यामुळे मला बोलायला आणखीच जड झालं.

जेवण झाल्यावर मी पुठ्ठे सोडले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. कोपऱ्यातला तांबडा ठिपका दाखवला.

"हसनभाई, मी त्या दिवशी वाटीत घातला तो विषात बुडवलेला होता. मला नंतर कळलं. मी ते कधीच सांगितलं नाही."

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, ते पाणी कोण बनवायचं?"

"कुठलं पाणी?"

"विषाचं. दर शनिवारी. हातमोजे घालून, खिडक्या उघडून. मीच ना? तो झुबका चिमट्यात धरून मीच बुडवला. ठिपका पण माझ्या हातचा आहे. तुमचे ठिपके गोल यायचे नाहीत."

मी तो ठिपका पुन्हा पाहिला. गोल होता.

"म्हणून तर म्हणालो, सर, हा नको."

बावीस वर्षं मी ते वाक्य उलटं ऐकत आलो होतो. मला वाटलं होतं, लबाडी उघडी पडेल म्हणून तो नमुना टाळतोय. "मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"प्राचार्य उभे होते. पोरं उभी होती. आपल्या खात्याच्या सरांना विष घातलेलं कळत नाही, असं शिपायाने सांगायचं? तुमची लाज गेली असती." त्याने जाळं पुन्हा हातात घेतलं. "म्हटलं, नंतर तुम्हाला कळेल. तुम्ही दुरुस्त कराल."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि घरात काय झालं ते पण सांगा त्यांना."

"ते राहू दे."

"का राहू दे? सर सांगायला आलेत तर ऐकू पण दे." त्या माझ्याकडे वळल्या. "युसुफने यांना विचारलं, अब्बा, तुम्ही खोटं बोललात काय? यांनी सांगितलं, झुबक्यावर विष होतं. तो म्हणाला, मग तिथे तोंड का नाही उघडलं? आता घरात येऊन सबब सांगता. तेव्हापासून बापाशी बोलत नाही. बहरीनला आहे. दर शुक्रवारी नमाजनंतर नाक्यावरच्या बूथवर फोन करतो. मी आत बोलते, हे बाहेर बाकावर बसतात. अब्बा कसे आहेत विचारतो. अब्बांना बोलव असं कधी म्हणत नाही. गावाला आला तरी सलाम करतो आणि बाजूला होतो."

"आणि तो गेला तेव्हा झुबका ठेवायला पण नको म्हणाला," हसन म्हणाला. "अम्मा, तो तमाशा नको, असं म्हणाला."

नंतर, हसन विहिरीवर गेला तेव्हा, वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि तांदळाच्या डब्यात हात घालून तळातून फडक्याची छोटी गाठ काढली. आत मयूरशिखा. "दर वेळी ठेवते," त्या कुजबुजल्या. "तो आला की मागच्या दाराशी वाटीत घालते. त्याला दाखवत नाही. ह्यांना पण माहीत नाही." गाठ पुन्हा तांदळात गेली.

मी खिशातून पेन काढून बसलो होतो. हसन आल्यावर म्हणालो, "मी या कागदावर दुरुस्ती लिहितो. संग्राहक म्हणून तुमचं नाव. विष घातल्याची नोंद. सही. आणि साताऱ्याच्या मासिकात सगळं छापतो, माझ्या टाळ्यांसकट." टाळ्यांची गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगितली.

"वर्षातून एकदा टाळ्या?" तो म्हणाला. "आणि मी तिथे नाही. सातारकर टाळ्या तरी नीट वाजवतात काय?" मग गंभीर झाला. "लिहा, छापा. तुमच्या जिवाला बरं वाटेल. पण कागद कोण वाचतो सर? बहरीनला तुमचं मासिक जातं काय? उद्या शुक्रवार आहे. फोनवर तुम्ही बोला."

कागदावर लिहायची मी बावीस वर्षं तयारी केली होती. त्या मुलाशी बोलायची नव्हती. आणि तो मुलगा आता चाळिशीला टेकलेला, मला एका वाक्यात झटकू शकणारा माणूस होता. त्याने मला झटकलं तर बापाचं ऐकण्याची शेवटची शक्यताही जाणार होती. हसनला ते कळत होतं. तरी तो जाळ्याची गाठ घट्ट करून म्हणाला, "साडेतीनला येतो फोन. उशीर करू नका. त्या बूथवाल्याकडे रांग असते."

शुक्रवार

नेरूळहून निघताना सुनीताने डबा दिला. "मामा, चेहरा असा का? डॉक्टरकडे चाललायत काय?" मी म्हणालो, "तसंच काहीसं."

नाक्यावरचा पीसीओ म्हणजे पिवळी पाटी लावलेली पत्र्याची टपरी. आत काचेचं कपाट वाटावं एवढी फोनची खोली. बाहेर लाकडी बाक, आणि त्यावर पाच-सहा बायका. सगळ्यांचं कोणी ना कोणी आखातात किंवा जहाजावर. हसन बाकाच्या टोकाला बसला. ती त्याची जागा होती. बायकांनी न सांगता सरकून ती रिकामी केली. एकीने विचारलं, "चाचा, आज पाहुणे पण बाकावरच काय?" हसन म्हणाला, "नाही. पाहुणे आत."

साडेतीनला फोन वाजला. जुबेदा वहिनी आत गेल्या. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग त्यांनी मला हात केला, फोन माझ्या हातात दिला आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. आत दोन माणसं जेमतेम मावत होती.

"युसुफ, मी साळुंखे सर."

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं तुटला.

"युसुफ?"

"ऐकतोय सर."

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. सरळ म्हणालो, "मी त्या दिवशी पाण्यात घातलेला झुबका पाऱ्याच्या विषात बुडवलेला होता. तुझ्या अब्बांना ते माहीत होतं. त्यांनी मला 'हा नको' म्हणून सांगितलं. मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर माझी फजिती होऊ नये म्हणून ते गप्प बसले. त्यांनी तुला घरी सांगितलं ते खरं होतं. शब्द न् शब्द."

युसुफने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, सर?"

हाच प्रश्न यायला नको होता. "त्याच वर्षी," मी म्हणालो.

"त्याच वर्षी," त्याने म्हटलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मी दुसऱ्या रांगेत होतो. 'सर, हा नको' हे मला ऐकू आलं होतं. मी पण तेच समजलो जे तुम्ही समजलात. अब्बांचं मी ऐकलं नाही. तुमचं ऐकलं. तुम्ही सर होता ना."

मी म्हणालो, "माझं चुकलं, बाळा." विद्यार्थ्याला मी आयुष्यात कधी बाळा म्हटलं नव्हतं.

बाहेरून कोणीतरी काचेवर टकटक केलं. मग युसुफ म्हणाला, "सर, अम्मा जवळ आहे?"

"आहे."

"तिला सांगा, तांदळाच्या डब्यातला झुबका या वेळी मागच्या दाराशी नको. पुढच्या ओसरीवर ठेव म्हणावं. बकरी ईदला येतोय." आणि लगेच, जरा घाईने, "अब्बा बाकावर असतील. त्यांना आत बोलवा."

मी दार उघडून म्हणालो, "हसनभाई, तुम्हाला."

तो उठला नाही. माझ्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली तेव्हा उठला, टोपी नीट केली आणि आत गेला. मी त्याच्या जागेवर बसलो. लाकूड तिथे गुळगुळीत झालं होतं. वहिनी शेजारी येऊन बसल्या. मी युसुफचा निरोप सांगितला तशी त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. "त्याला माहीत होतं? या अल्ला! मग मी एवढी वर्षं चोरासारखी मागच्या दाराने काय ये-जा करत होते?"

टपरीचं दार नीट बसत नव्हतं, आणि परदेशी बोलताना ओरडावं लागतं असा त्या मोहल्ल्यात सगळ्यांचाच समज आहे. त्यामुळे हसन पहिल्यांदा काय बोलला ते बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. ना झुबक्याचं बोलला, ना माझं. आधी घसा साफ केला, आणि मोठ्याने विचारलं, "जेवलास काय रे?"